रक्ताची मोजणी, पोटाचा विसर

१९९२च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने क्लीव्हलंड शहरातल्या एका नृत्यसमारंभाची हकिकत छापली. अमेरिकेत शाळा संपताना मुलामुलींसाठी 'प्रॉम' होतो: ठेवणीतले कपडे, बँड, नाच, फोटो. क्लीव्हलंडला जमलेल्या मंडळींचं ते वय केव्हाच उलटलं होतं. ऐन शाळा-कॉलेजच्या दिवसांत स्किझोफ्रेनियाने गाठलं म्हणून त्यांचा प्रॉम हुकला होता. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या मानसोपचाराच्या लोकांनी तो त्यांना उशिरा का होईना, मिळवून दिला. वर्षानुवर्षं कानातल्या आवाजांशी भांडत बसलेली माणसं त्या संध्याकाळी नाचत होती. ज्या गोळीमुळे हे घडलं, तिचं नाव क्लोझापिन.

गोळीचा पूर्वेतिहास मात्र काळा होता. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या वँडर कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे रसायन तयार केलं आणि १९७२पासून ते युरोपात विकायला आलं. १९७५मध्ये फिनलंडमधून बातमी आली की, हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होतात, साध्या संसर्गालाही शरीर तोंड देऊ शकत नाही, आणि आठ जण दगावले आहेत. औषध अनेक देशांतून मागे घेतलं गेलं. अमेरिकेतल्या चाचण्याही थंडावल्या.

तरीही ते विस्मरणात गेलं नाही, कारण ज्यांनी ते वापरलं होतं त्या डॉक्टरांना त्याच्या तोडीचं दुसरं काही सापडत नव्हतं. १९८८मध्ये न्यूयॉर्कचे जॉन केन, क्लीव्हलंडचे हर्बर्ट मेल्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर औषधं देऊन थकलेले, 'आता काही उपयोग नाही' म्हणून सोडून दिलेले असे हे रुग्ण. सहा आठवड्यांत जुन्या क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के सुधारले. क्लोझापिनने ३० टक्के. मानसोपचारात एवढी तफावत सहसा दिसत नाही. सप्टेंबर १९८९मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, मंजुरी दिली आणि १९९०च्या सुरुवातीला 'क्लोझारिल' या नावाने गोळी बाजारात आली.

मंजुरीला अट होती: रक्त नाही, तर गोळी नाही. दर आठवड्याला रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशी मोजायच्या, आकडा ठीक असेल तरच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या हातात. सॅन्डोझ कंपनीने गोळी आणि तपासणी एकत्र बांधून विकली. वर्षाचा खर्च सुमारे ९,००० डॉलर. गरिबांच्या औषधांचं बिल भरणारी राज्य सरकारं खवळली. तीसहून अधिक राज्यं कोर्टात गेली आणि कंपनीला गोळी आणि तपासणी वेगवेगळी करावी लागली. पैशांचा हा तमाशा बाजूला ठेवला, तर योजना विलक्षण यशस्वी ठरली. पहिल्या सव्वा वर्षात औषध सुरू केलेल्या ११,५५५ अमेरिकी रुग्णांची पाहणी १९९३मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. ७३ जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटल्या होत्या. मेले दोन. फिनलंडचं भूत आठवड्याच्या एका सुईने बाटलीत बंद झालं होतं.

पोटाकडे लक्ष द्यायला मात्र अशी कोणतीही यंत्रणा नव्हती.

औषधासोबतच्या माहितीपत्रकात बद्धकोष्ठाची नोंद पहिल्यापासून होती. चाचण्यांमधल्या १४ टक्के रुग्णांना तो त्रास झाला, असा आकडाही होता. पण तोंड कोरडं पडणं, झोप येणं, वजन वाढणं यांच्या रांगेत बद्धकोष्ठ हा शब्द वाचून कोण घाबरतं? डॉक्टरांनीही तो किरकोळीतच काढला. पाणी प्या, फळं खा, थोडं चाला.

त्या शब्दामागे काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या नळीच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं. स्नायू आवळायचे तर ॲसिटिलकोलीन हवं. आत काहीतरी आलंय, पुढे ढकला, ही वर्दी द्यायला सेरोटोनिन हवं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यातच असतं. क्लोझापिन या दोन्ही रसायनांचे पेशींवरचे रिसेप्टर अडवून बसतं. वर्दीही जात नाही आणि स्नायूही नीट आवळत नाही. क्लोरप्रोमाझिनसारखी जुनी औषधं आणि ओलान्झापिनसारखी नवी औषधंही कमी-अधिक प्रमाणात आतडं मंदावतात. क्लोझापिन त्या सगळ्यांवर कडी करतं.

मल मोठ्या आतड्यात पडून राहिला की त्यातलं पाणी शोषलं जात राहतं. तो घट्ट होतो, त्याचे खडे होतात. मागून येणारं अन्न थांबत नाही, तेव्हा आतडं फुगतं, भिंत ताणली जाते, तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त पोचलं नाही की भिंतीचा तेवढा तुकडा मरतो. आतले जिवाणू रक्तात उतरतात, किंवा भिंतीला भोक पडून सगळं पोटात सांडतं. कधी तुंबलेलं उलटून वर येतं आणि श्वासनलिकेत जातं. बद्धकोष्ठ आठवडेच्या आठवडे चाललेलं असतं. शेवटचा भाग मात्र काही तासांत उरकतो. २००२मध्ये 'सायकोसोमॅटिक्स' या अमेरिकी नियतकालिकात क्लोझापिनच्या बद्धकोष्ठाने झालेल्या मृत्यूची एक हकिकत आली, तेव्हा आधीच्या तशाच नोंदी शोधून तिला जोडाव्या लागल्या होत्या. त्या सगळ्या विखुरलेल्या होत्या, कुठे एक, कुठे दोन.

पोट आणि वेड यांची अमेरिकेतली गाठ याहून जुनी आहे आणि तिची एक गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. न्यूजर्सीतल्या ट्रेंटन इथल्या सरकारी मनोरुग्णालयाचे १९०७ ते १९३० या काळातले प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांची खात्री होती की, वेड म्हणजे शरीरात कुठेतरी दडलेल्या संसर्गाचं विष. ते आधी रुग्णांचे दात उपटत, मग टॉन्सिल काढत आणि त्यानेही गुण आला नाही, तर मोठं आतडं कापून काढत. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीस टक्के रुग्ण मरतात, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात आकडा बराच जास्त होता, असं फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरबाईंनी १९२०च्या दशकात तपासून दाखवलं. तर त्यांना ज्यांनी पाठवलं होतं त्या जॉन्स हॉपकिन्सच्या अडॉल्फ मायर यांनी तो अहवालच दडपला. कॉटननी स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते, म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी पोट आणि मन यांच्यामध्ये भिंत उभी केली, यात नवल नाही. मानसोपचारतज्ज्ञाने पोटाला हात लावायचा नाही, असा अलिखित रिवाज पडला. तो योग्य होता, पण त्याची किंमत पुढे दुसऱ्याच रुग्णांनी मोजली.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आणायचं काम न्यूझीलंडमध्ये झालं. सुझॅना एव्हरी-पामर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये जगभरातून क्लोझापिनमुळे आतडं बंद पडून जिवावर बेतलेल्या १०२ घटना जमवल्या. त्यांतले २७.५ टक्के रुग्ण वाचले नाहीत. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या १९९२ ते २०१३ या २२ वर्षांच्या औषध-दुष्परिणामांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या: गंभीर घटना १६०, मृत्यू २९. नोंद होते ती नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमीच.

मग त्यांनी सरळ आतड्याचा वेगच मोजायचं ठरवलं. मोजण्याची रीत अमेरिकेची, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८७मध्ये सोपी करून घेतलेली. रुग्णाला एक कॅप्सूल गिळायला देतात. तिच्यात मुगाच्या दाण्याएवढी, क्ष-किरणांत पांढरी दिसणारी २४ प्लास्टिकची कडी असतात. तीन दिवस रोज एक कॅप्सूल, चौथ्या दिवशी पोटाचा एक्स-रे, लागला तर सातव्या दिवशी आणखी एक. मग फोटो दिव्यावर धरून कडी मोजायची. गंमत हिशेबात आहे: दिवसाचे तास २४ आणि कडीही २४, त्यामुळे आत अडकलेलं प्रत्येक कडं म्हणजे एक तास. निरोगी माणसाच्या फोटोत थोडीशी कडी उरतात, तीही बहुधा शेवटच्या टप्प्यात, बाहेर पडण्याच्या बेतात.

२०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत क्लोझापिन न घेणाऱ्या, पण दुसरं एखादं मनोविकाराचं औषध घेणाऱ्या रुग्णांचा मोठ्या आतड्यातून जाण्याचा मध्यक वेळ २३ तास निघाला. क्लोझापिन घेणाऱ्यांचा १०४.५ तास. म्हणजे सोमवारी सकाळचं जेवण शुक्रवारी दुपारपर्यंत मोठ्या आतड्यातच. क्लोझापिनवाल्यांपैकी ८० टक्क्यांचं आतडं मंद होतं, दुसऱ्या गटात एकाचंही नाही. रुग्णसंख्या जेमतेम ३७ होती, हे खरं. पण एवढी दरी लहान गटातही लपत नाही. त्यापुढे माहितीपत्रकातले १४ टक्के केविलवाणे वाटतात. त्या चाचण्यांत कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं नाही. रुग्णाने तक्रार केली तर नोंद, नाही केली तर नाही, अशी ती मोजणी होती. आणि ज्यांच्या फोटोत कडीच कडी दिसत होती, त्यांतल्या अनेकांनी 'मला काही त्रास नाही' असंच सांगितलं होतं.

असं का, याची कारणं बरीच आहेत. या आजारात दुखणं जाणवण्याची किंवा ते बोलून दाखवण्याची ताकद मुळातच कमी झालेली असते. फुटलेलं अपेंडिक्स घेऊन शांतपणे बसलेल्या रुग्णांच्या नोंदी शस्त्रक्रियेच्या वाङ्मयात जुन्या आहेत. आवाजांनी भरलेल्या डोक्यात, शेवटचं शौचाला कधी गेलो होतो, हे राहत नाही. शिवाय अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञाची भेट पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांची असते. झोप लागते का, आवाज येतात का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, एवढं विचारेपर्यंत वेळ संपतो. अनेक रुग्ण ग्रुप होममध्ये राहतात; तिथला कर्मचारी गोळी घशाखाली गेली की नाही हे पाहतो, सही करतो. संडासात कुणी डोकवायचं? आपल्याकडे 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर चारचौघांत विचारला जातो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. न्यूजर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात असा रुग्ण असेल, तर हा भोचकपणा तिथे खुशाल चालू ठेवावा.

घरच्यांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी आणखीही आहेत. क्लोझापिनने कित्येकांना रात्री लाळ गळते, उशी भिजते. त्यावर जी औषधं दिली जातात, ती बहुतेक ॲसिटिलकोलीन अडवणारीच; लाळ थांबते आणि आतडं आणखी मंदावतं. हातापायांच्या कंपासाठी अमेरिकेत दिलं जाणारं बेन्झट्रोपिन, भारतात सर्रास लिहिलं जाणारं पॅसिटेन, सर्दीला किंवा झोपेला म्हणून दुकानातून सहज आणलेलं बेनाड्रिल, सगळी त्याच वाटेने जातात. पाठदुखीसाठी अफूवर्गातली वेदनाशामक गोळी मिळाली, तर तीही. एकेक औषध लिहून देणारा डॉक्टर वेगळा असतो. आतडं मात्र एकच असतं.

सिगारेटचा प्रकार तर कुणाच्या ध्यानीमनी नसतो. तंबाखूच्या धुरातली द्रव्यं यकृतातल्या एका एन्झाइमला चाळवतात आणि ते क्लोझापिनचा फडशा पाडतं, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला औषधाची मात्रा जास्त लागते. असा माणूस न्यूमोनिया होऊन रुग्णालयात दाखल होतो. तिथे धूम्रपानाला बंदी. वर शरीरात दाह असतो, त्यानेही औषध रक्तात साठतं. मात्रा तीच, पण थोड्याच दिवसांत रक्तातलं प्रमाण खूप वाढतं. सिगारेट सुटली म्हणून सगळे खूश असतात आणि इकडे आतडं ठप्प होत असतं.

आता इसबगोल. मराठी घरात बद्धकोष्ठ म्हटलं की हात आधी त्या डब्याकडे जातो. जगातला बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतो, उंझ्याच्या बाजारातून अमेरिकेला जातो आणि तिथल्या दुकानात 'मेटाम्युसिल' या नावाने संत्र्याच्या चवीचा होऊन विकला जातो. एरवी गुणकारी चीज. पण इसबगोल पाणी धरून मल फुगवतो. फुगलेला मल पुढे ढकलायला आतड्याला जोर लागतो. इथे जोरच गेलेला असतो. म्हणून क्लोझापिनच्या रुग्णांना तो पहिला उपाय म्हणून देऊ नये, असं जाणकार सांगतात. त्यापेक्षा आतड्याला चाळवणारी सोनामुखी, मल मऊ करणारं डॉक्युसेट आणि पाणी आत खेचून ठेवणारं मॅक्रोगोल, जे अमेरिकेत 'मिरालॅक्स' म्हणून मिळतं, यांच्यावर भर असतो. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावच्या रुग्णालयावरून नाव पडलेल्या 'पोरिरुआ प्रोटोकॉल'मध्ये हीच औषधं ठरावीक क्रमाने दिली गेली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या अभ्यासात १४ रुग्णांचा मध्यक वेळ ११० तासांवरून ६२ तासांवर आला. स्वस्त, जुनी, दुकानात सहज मिळणारी औषधं. एवढ्यावर भागतं हे कळायला औषध जगात आल्यापासून चाळीसहून अधिक वर्षं जावी लागली, याचा राग यायला हरकत नाही.

ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१७च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांना या धोक्याची आठवण करून दिली. अमेरिकेत एफडीएची सूचना २८ जानेवारी २०२० रोजी निघाली. जुलै २००६ ते जुलै २०१६ या दहा वर्षांत बद्धकोष्ठ वाढत जाऊन आतड्याचे गंभीर विकार झाल्याच्या १० घटना तिच्या आधाराला होत्या. सूचना स्पष्ट होती: औषध सुरू करण्याआधी रुग्णाच्या शौचाच्या सवयी विचारा, नंतरही वारंवार विचारत राहा, आतडं मंदावणारी दुसरी औषधं सोबत देऊ नका, गरज वाटेल तिथे रेचक आधीपासूनच द्या. इशारा माहितीपत्रकात ठळक झाला, पण सर्वांत गंभीर धोके ज्या काळ्या चौकटीत छापतात, तिच्यात गेला नाही. क्लोझापिनच्या चौकटीत पाच धोके आहेत: पांढऱ्या पेशींची घट, उठताना रक्तदाब उतरून भोवळ येणं, झटके, हृदयाच्या स्नायूंचा दाह आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मृत्यू. आतडं चौकटीबाहेरच राहिलं.

एवढं वाचून गोळी बंद करावीशी वाटली, तर फिनलंडचीच दुसरी गोष्ट ऐकावी. ज्या देशात १९७५ साली आठ मृत्यू झाले, तिथल्याच राष्ट्रीय नोंदींवरून २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाहणी आली: स्किझोफ्रेनियाच्या औषधांची तुलना केली, तेव्हा सर्वांत कमी मृत्युदर क्लोझापिन घेणाऱ्यांचा होता. आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी म्हणून एफडीएने २००२मध्ये याच औषधाला वेगळी मान्यता दिलेली आहे. डेन्मार्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे नुसत्या क्लोझापिनच्या नव्हे, २६,७२० रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आतडं ठप्प झालेले १२३ निघाले आणि मृत्यू ९. धोका जीवघेणा आहे, सरसकट नाही. आणि गोळी स्वतःहून एकाएकी थांबवली, तर आजार दुप्पट जोराने उसळू शकतो.

२०२५मध्ये अमेरिकेत एक मोठा बदल झाला. फेब्रुवारीत एफडीएने जाहीर केलं की रक्ताचा आकडा कळवल्याशिवाय गोळी नाही, ही सक्ती आता नको. जूनमध्ये ती रीतसर उठली. रक्त तपासायचा सल्ला माहितीपत्रकात आहेच, पण फार्मसीच्या खिडकीवरचा अडसर गेला. रुग्णांच्या संघटना आणि बरेचसे मानसोपचारतज्ज्ञ यासाठी अनेक वर्षं भांडत होते, कारण त्या कटकटीपायीच हे औषध अमेरिकेत फार थोड्यांपर्यंत पोचत होतं. आता ते जास्त जणांना मिळेल. पण आठवड्या-पंधरवड्याने रक्त घ्यायला बसवणारी परिचारिका काही रुग्णांसाठी तरी पोटाची चौकशी करणारं एकमेव माणूस होती. तिची खुर्ची रिकामी झाली, तर तो प्रश्न कुणी विचारायचा, हे अजून ठरलेलं नाही.

तीन दिवस शौचाला झालं नाही, पोट फुगून टणक झालं, उलट्या सुरू झाल्या, वायूही सरेनासा झाला किंवा रुग्ण गळून पडला, तर थेट इमर्जन्सी गाठायची. तिथे पोचल्यावर पहिल्याच वाक्यात क्लोझापिनचं नाव घ्यायचं. मनोरुग्ण म्हटलं की त्याची पोटदुखी मनाच्या खात्यावर टाकली जाण्याची भीती असते; गोळीचं नाव कानावर पडलं, तर सर्जन सीटी स्कॅन लवकर काढतात. आतड्याचा मेलेला भाग वेळेवर काढला, तर माणूस वाचतो. आणि अशा प्रसंगातून वाचलेल्या काही रुग्णांना, दुसरं कोणतंच औषध लागू पडत नाही म्हणून, रेचकांच्या बंदोबस्तात क्लोझापिन पुन्हा सुरू करावं लागलं आहे.